उभी दरड

मामा आणि भाची यांच्यात विस्तव जात नव्हता, आणि ते बघायला कुणाच्या घरात डोकवायची गरज नव्हती. सकाळी आठच्या सुमाराला तळ्याच्या फाटकापाशी जायचं, की झालं. फाटकाबाहेर, बरोबर रस्त्याच्या हद्दीत, मामा आपलं घडीचं स्टूल मांडून बसलेला. फाटकाच्या आत भाची उभी, गळ्यात दुर्बीण, कमरेला चाव्यांचा जुडगा. मधल्या लोखंडी जाळीवर पाटी: संरक्षित पाणथळ जागा, परवानगीशिवाय आत येऊ नये.

“काय बाईसाहेब,” मामा विचारायचा, “लॉजमध्ये गिऱ्हाईक आलं का?”

“स्टूल वीतभर आत आलंय,” भाची म्हणायची. “मागे घ्या.”

घ्या! ज्या मामाच्या खांद्यावर बसून शाळेत गेली, त्याचे केस ओढून ‘अरे मामा, पळ की’ म्हणाली, त्याला आता अहो-जाहो. त्यापेक्षा शिवी परवडली असती. मामाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण तोही काही कमी नव्हता. स्टूल मागे घ्यायचा ते बोटभर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पुढे.

आता हे लॉज म्हणजे काय, ते सांगायला हवं. ही तळी मुळात तळी नव्हतीच. ही वाळू-खडीची खाण. मामाने इथे सव्वीस वर्षं पोकलेन चालवली. त्याच्या बकेटने जमीन अशी कापली जायची की सगळी खाण त्याला उस्ताद म्हणायची. पुढे माल संपला, कंपनीने पंप बंद केले, आणि खड्ड्यांत पाणी चढलं. बदकं आली, बगळे आले, पाणकावळे आले, त्यांच्या मागोमाग पाट्या घेऊन सरकार आलं. देखरेखीला जी अधिकारीण आली ती नेमकी मामाच्या थोरल्या बहिणीची मुलगी. अर्ज करकरून तिने हीच जागा मागून घेतली होती.

आणि आल्या आल्या बाईंनी काय करावं? खाणीतल्या उभ्या दरडी एकूण एक पाडून टाकल्या. सगळीकडे छान, मऊ उतार केले, वर गवत पेरलं. त्या दरडींत पाकोळ्या राहायच्या. चिमणीपेक्षा लहान, मातकट रंगाची पाखरं, उडता उडता किडे धरून खाणारी. वाळूची उभी भिंत, तीही ताजी कापलेली, असली तरच तिच्यात हातभर खोल बिळं कोरून अंडी घालणार. उतारावर बीळ केलं तर साप सरळ चालत घरात येईल, एवढी अक्कल पाकोळीला असते. बाईंच्या पदवीत ती नव्हती, असं मामाचं म्हणणं. दरडी गेल्या, पाकोळ्या गेल्या. मग बाईंनी सिमेंटची एक भिंत बांधली, तिला दोनशे गोल भोकं ठेवली, हेच ते लॉज, आणि वाट बघत बसल्या. दोन वर्षांत त्या दोनशे खोल्यांपैकी एक भरली. तिच्यात गांधीलमाश्या होत्या.

“बाईसाहेब, माश्यांना तरी नाश्ता द्या,” मामा जाळीतून ओरडला होता. त्या दिवशी शाळेची मुलं आली होती आणि सगळी खो खो हसली. तेव्हापासून मामाला आत यायला बंदी.

पण या वर्षी हसण्यावारी न्यायची सोय उरली नव्हती. फाटकावरच्या फळीला एक पत्र लावलं होतं आणि मामा ते रोज वाचायचा. या जागेला संरक्षण मिळालं ते पाकोळ्यांच्या वसाहतीमुळे. दोन वर्षं वसाहत नाही. समिती या महिन्याअखेरीस येणार. यंदाही एक बीळ दिसलं नाही, तर उत्तरेकडचं तळं संरक्षणातून काढून तिथे पाडलेल्या इमारतींचं डबर भरायला परवानगी मिळणार. आणि उत्तरेकडच्या त्याच तळ्याच्या काठाला चौदा वर्षांपूर्वी दरड कोसळून मामाचे दाजी, म्हणजे भाचीचे वडील, जिवानिशी गेले होते.

त्या जागेवर डबराचे ट्रक रिकामे होताना बघायची मामाची छाती नव्हती. आणि काय केलं म्हणजे ते टळेल, हेही त्याला ठाऊक होतं. अर्ध्या दिवसाचं काम. उतार खरवडायचा, मागची मूळ वाळू लागेपर्यंत आत जायचं, आणि एक दरड उभी कापायची.

मग बोलत का नव्हता? विचारू दे ना तिने, असं तो म्हणायचा. एकदा म्हणू दे, मामा, चुकलं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. दुसरं एक कारण होतं, ते त्याने चौदा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी तो ताईकडे गेला. ताई ओट्याशी कांदे चिरत होती. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही, नुसता चहाचा कप सरकवला.

“तुझी भाची तीन रात्री झोपली नाही,” ती म्हणाली.

“मग मी जाऊन अंगाई म्हणू?”

“तुला माहीत आहे काय करायचं ते. तुझ्या थोबाडावर लिहिलंय.”

“तिने विचारावं.”

“ती मरेल पण विचारणार नाही. तुझ्यावरच गेलीये मेली.”

“दरडी पाडल्या तेव्हा कुणाला विचारलं होतं तिने?” मामाचा आवाज चढला. “सव्वीस वर्षं मी त्या मातीत घातली. एका शब्दाने विचारलं?”

ताईने सुरी खाली ठेवली. “तिचा बाप दरडीखाली गेला,” ती सावकाश म्हणाली. “त्या दरडी तिने जपून ठेवायच्या होत्या का? तूच सांग. आणि तू तरी काय केलंस? पंधराव्या दिवशी जाऊन त्याच मशीनवर बसलास. सोळा वर्षांची होती ती. तिने ते बघितलं.”

यावर मामाकडे उत्तर होतं. पण तेच तर त्याला देता येत नव्हतं. त्याने चहा तसाच टाकला आणि चपला घातल्या.

मंगळवारी पाकोळ्या आल्या.

मामाने त्या स्टुलावरून बघितल्या. सात-आठ असतील. पाण्यावरून खाली आल्या, उत्तरेच्या उताराशी गेल्या, गवताला टेकल्यासारखं करून पुन्हा उडाल्या. सिमेंटच्या भिंतीसमोर एक क्षण थरथरल्या आणि वळल्या. बुधवारी पुन्हा तेच. मामाला हे सगळं पाठ होतं. चार दिवस बघतील, जागा पसंत पडली नाही की पाचव्या दिवशी नदीने खाली निघून जातील, त्या पुढच्या सालापर्यंत. भाची उताराखाली दुर्बीण लावून उभी होती. तिची पाठ त्याला दिसत होती. बापासारखीच उभी राहायची, एक खांदा खाली टाकून.

गुरुवारी मामाने स्टूल घडी करून रस्त्यावरच टाकलं, फाटक ढकललं आणि तरातरा आत शिरला.

भाचीचं ऑफिस म्हणजे खाणीतली जुनी वजनकाट्याची खोली. तोच पत्रा, तीच खिडकी. फक्त भिंतीवर ट्रकच्या नंबरांऐवजी पक्ष्यांची चित्रं. ती टेबलाशी काहीतरी लिहीत होती.

“बाहेर व्हा,” ती मान वर न करता म्हणाली.

“आज तिसरा दिवस आहे. त्या उद्यापर्यंत थांबतील.”

“मला मोजता येतं. बाहेर व्हा.”

“डोंबल येतं! त्यांना उभी दरड लागते. ताजी. तू सगळ्या पाडून बसलीस.”

“माहीत आहे मला!” भाचीने पेन आपटलं. “पुस्तकात पहिल्या पानावर आहे ते. तुम्हाला काय वाटतं, मी बिनडोक आहे? माहीत असून पाडल्या. माझ्या ताब्यातल्या जागेत एकही उभी दरड राहणार नाही. कंपनीने चार ट्रक जास्तीच्या मालासाठी खालून पोखरून ठेवलेली दरड माझ्या बापावर पडली. तुम्ही त्याच कंपनीचा पगार खाल्लात. तुम्ही मला दरड शिकवू नका.”

मामाने खुर्ची ओढली आणि न विचारता बसला.

“कंपनीने नाही ठेवली,” तो म्हणाला. “मी ठेवली.”

भाचीने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

“कंपनीचा नियम होता, संध्याकाळी मशीन बंद करायच्या आधी उभी दरड पाडून जायची. आम्ही दोघं तो मोडायचो. दर वर्षी. पाकोळ्यांनी बिळं धरली की दाजी त्या दरडीसमोर काठी रोवून लाल फडकं बांधायचे. फडकं दिसलं की मी मशीन दुसरीकडे न्यायचो, पिल्लं उडेपर्यंत तिकडे बकेट लावायचो नाही. मॅनेजर बोंबलायचा, आम्ही ताकास तूर लागू द्यायचो नाही. त्या वर्षी नऊ आठवडे ठेवली. फार झाले. वाळू सुकली.” तो थांबला. “त्या दिवशी सकाळी केबिनमधून मला वर चीर दिसली. बोटभर. गवताच्या कडेने, आडवी. मी बघितली. वाटलं, चार दिवसांत पिल्लं उडतील, मग पाडू. दाजींना चहाच्या वेळी सांगू म्हटलं. चहाच्या आधीच ते बिळं मोजायला खाली गेले.”

खिडकीवर एक माशी आपटत होती.

“चौकशीत मी सांगितलं, दरड पाडायचा हुकूम आम्हाला कधी मिळालाच नव्हता. मॅनेजरची नोकरी गेली. मी परत मशीनवर बसलो, कारण दुसऱ्या कुणी बसून त्या जागी बकेट लावलेली मला सोसली नसती. झालं. आता शिव्या घाल, मार, काय करायचं ते कर. पण आज दरड कापू दे.”

भाचीने शिव्या घातल्या नाहीत. कमरेच्या जुडग्यातली सगळ्यात लहान चावी काढली, टेबलाचा खण उघडला, आणि एक वही त्याच्यासमोर फेकली. लाल पुठ्ठ्याची, खिशात मावेल एवढी. मामाने ती लगेच ओळखली. दाजी तिच्यात बिळं मोजून लिहायचे.

“शेवटचं पान,” ती म्हणाली.

मामाने चष्मा लावला. दाजींचं अक्षर, पेन्सिलीचं, मुंग्यांसारखं बारीक. वर आदल्या दिवशीची तारीख. बिळं सत्तेचाळीस. पिल्लं तोंडाशी येतात. आणि खाली: ‘दरडीला वरच्या अंगाला चीर. उस्तादला कळलं तर आजच पाडून टाकेल. चार दिवस बोलायचं नाही.’

मामाने ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. त्याला रडू फुटलं, आणि ते त्याने थांबवलं नाही.

“ही डब्याच्या पिशवीत होती,” भाची म्हणाली. तिचा आवाज दगडासारखा होता. “चौकशीवाल्यांनी विचारलं, वही-बिही काही सापडली का. मी नाही म्हटलं. बाबांचीच चूक होती असं लिहून मोकळे झाले असते. आईलाही दाखवली नाही. चौदा वर्षं मी कंपनीला शिव्या देत आले, आणि मनात बाबांना. चार पिल्लांसाठी माणूस मरतो? घरी मी होते, आई होती. आणि आज कळतंय, तुम्हालाही चीर दिसली होती. दोघांनाही! दोघं एकमेकांपासून लपवत बसलात! एकाने, एकाने जरी तोंड उघडलं असतं!”

“पोरी...”

“पोरी म्हणू नका मला. आणि परत तेच केलंत की! तीन वर्षं फाटकावर बसलात, माश्यांवर विनोद केलेत, आणि काय करायचं ते पोटात ठेवलंत. समिती येऊन हे तळं बुजवून गेली असती तरी बसला असतात तसेच, स्टूल मागे-पुढे करत.”

हे मात्र मामाच्या वर्मी लागलं. शिवीला उत्तर देता आलं असतं. खऱ्याला काय देणार? तो गप्प बसला, मग लक्षात आलं की गप्प बसणं हाच गुन्हा आहे, आणि म्हणाला, “खरं आहे तुझं. आणि तूही ही वही खणात ठेवलीस.”

“ठेवली,” भाची म्हणाली. “आपलं खानदानच तसलं.”

तिने एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. “त्या मॅनेजरला पत्र लिहा. काय झालं ते सगळं. पत्ता मी शोधून देते. मी माझं वेगळं लिहिणार आहे. आणि संध्याकाळी आईला तुम्ही सांगायचं, मी नाही. मी फक्त बरोबर येईन.”

मामाने लिहिलं. अक्षर गिचमीड आलं, पण त्यात काही वगळलं नाही. मग भाचीने जुडग्यातली दुसरी चावी काढून टेबलावर ठेवली. पाण्यातलं शेवाळ उपसायला भाड्याने आणलेली पोकलेन काठाला उभी होती. तिचा ऑपरेटर सोमवारी येणार होता.

“एक पुरुष उंच, त्याच्या वर बोटभरही नाही,” ती म्हणाली. “समोर दहा पावलांवर दोरी बांधणार मी. दोरीच्या आत कुणी जायचं नाही, मी नाही, तुम्ही नाही, समितीचा बाप आला तरी नाही. हंगाम संपला की दरड पाडायची, पुढच्या वर्षी नवी कापायची. आणि मशीन चालू असताना जे दिसेल ते ओरडून सांगायचं. फालतू वाटलं तरी. कळलं?”

“कळलं.”

“मोठ्याने.”

“कळलं, बाई!”

पाच वर्षांनी मामा मशीनवर चढला. हातांना त्यांचं काम आठवलं. बकेटने गवताची साल सोलून काढली. त्याखाली भरावाची भुसभुशीत माती, ती ओढून बाजूला केली. भाची वर, कडेपासून लांब, बाजूच्या टेकाडावर उभी राहून ओरडत होती, आणि मामा केबिनमधून ओरडत होता. लांबून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, आता हे दोघं एकमेकांचा जीव घेणार.

“डावीकडे दगड आहे!”

“दिसला! मी काय आंधळा आहे?”

“दिसला तर बोलायचं ठरलंय!”

“दगड दिसला! झालं समाधान?”

“फार खाली चाललात! पाया पोखरू नका!”

“सव्वीस वर्षं काय गवत उपटलं मी?”

“तेच केलंत बहुतेक!”

मग मूळ वाळू लागली. पिवळसर, घट्ट, ओलसर. मामाने बकेटचे दात टेकवले आणि एका झटक्यात वरून खाली सरळ उतरवले. दरड विटांच्या भिंतीसारखी सरळ कापली गेली. त्याने मशीन बाजूला सरकवली आणि दुसरा घाव घातला. तिसरा. चौथ्याला बकेट उचलली, तेवढ्यात वरून किंकाळीच आली.

“मामा, थांब! चीर! वर चीर पडलीये, तुझ्या उजव्या हाताला!”

मामाने हात जिथल्या तिथे थांबवले. त्याला केबिनमधून काहीच दिसत नव्हतं, वरचं गवत आड येत होतं. तो मशीन घेऊन पंधरा-वीस पावलं मागे आला, मशीनचा हात पूर्ण लांब केला, आणि बकेटच्या टोकाने वरची कड हळूच ओढली. खाटेएवढा वाळूचा तुकडा सुटला आणि धप्पकन खाली आला. धूळ उडाली, बसली. मागे दरड पुन्हा स्वच्छ उभी होती. मामाने इंजिन बंद केलं. कपाळावरचा घाम पुसला.

“गेली का चीर?” त्याने ओरडून विचारलं.

भाची टेकाडावरून पुढे झुकली, इकडून तिकडे दोनदा बघून आली. “गेली! आता नाही!”

“नक्की?”

“नक्की!”

तो खाली उतरला. भाची दोरी, खुंट्या घेऊन आली. दोघांनी दहा पावलं मोजून दोरी बांधली, त्यातही तिची पावलं आखूड पडतात यावरून भांडण झालं. बांधून होते न होते तोच पाण्यावरून पाकोळ्या आल्या. दरडीसमोर थरथरल्या, वळल्या, पुन्हा आल्या. मग एक चिकटली. नख्या रोवून, शेपटी टेकवून, तिने चोचीने वाळू उकरायला सुरुवात केली. बारीक धार खाली सांडू लागली. मग दुसरी चिकटली, मग तिसरी.

भाचीने खिशातून एक फडकं काढलं. लाल होतं कधीतरी, आता विटकरी झालं होतं. ते कुठून आलं, हे मामाने विचारलं नाही. तिने ते दोरीच्या मधल्या खुंटीला बांधलं आणि दोनदा ओढून गाठ घट्ट केली.

“उद्यापासून स्टूल आत घेऊन या,” ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते आणि सूर अजून भांडणाचाच होता. “रोज सकाळी वरून चीर बघायची आणि मला येऊन सांगायची. नसली तर नाही म्हणून सांगायचं. एक दिवस जरी तोंड मिटून बसलात, तर फाटकाबाहेर हाकलून देईन.”

“बरं,” मामा म्हणाला. “आता चल. ताई वाट बघत असेल.”

भाचीने ऑफिसात जाऊन वही घेतली, खण उघडाच ठेवला, आणि दोघं घरी निघाले.